बाबांचा पिवळा

चित्रं काढणाऱ्या बाईचा हात गेला म्हटलं की लोक आधी विचारतात, "कोणता?" उजवा म्हटलं की च्च च्च करतात आणि लगेच पुढचं येतं, "मग डाव्यानं जमत नाही का?" नाही जमत हो. तुम्ही आठवडाभर डाव्या हातानं पोळीचा तुकडा मोडून दाखवा, मग आपण बोलू.

माझा हात आता बराचसा परत आलाय, म्हणून लिहायला बसलेय. ज्यांचं पोट महिनोन्‌महिने दुखतं आणि कोणी धड काही सांगत नाही, त्यांनी हे वाचावं. भिंती, पाट्या, मूर्ती रंगवणाऱ्यांनी तर वाचावंच. डॉक्टरी माहिती मात्र माझ्याकडे मागू नका, मी राक्षस काढणारी बाई आहे.

माझा धंदा

खरंच राक्षस काढते. जे नाही ते काढायचं, हेच माझं काम. लोणारच्या सरोवराखाली एक गाव आहे, तिथल्या बाया मिठाच्या साड्या नेसतात. कपाशीच्या बोंडात राहणारी एक अळी आहे, ती राणी आहे आणि तिला माणसांचा फार कंटाळा येतो. असली पुस्तकं मी स्वतः लिहिते आणि स्वतः काढते. बुलढाण्याजवळच्या चिखलीत माझ्या नवऱ्याचं, मिलिंदचं, झेरॉक्सचं दुकान आहे. काळ्या रेघांची पानं तो काढून द्यायचा, रंग मी एकेका प्रतीत हातानं भरायचे आणि शेवटी पोती शिवायच्या दाभणानं पुस्तक शिवायचं. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत चादर अंथरून बसायचे मी. एका बाजूला फुगेवाला, एका बाजूला रेवड्या, मधे माझे राक्षस.

पुढं पुण्याच्या प्रकाशकांकडून मुखपृष्ठांची कामं यायला लागली. एक मॅडम फोनवर म्हणाल्या, "सुजाताताई, तुमचे राक्षस जरा शेतात उभे असल्यासारखे वाटतात." म्हटलं, "बाई, मग कुठं उभे करू? आमच्याकडं शेतंच आहेत." त्या हसल्या आणि कामही दिलं.

पण पोरं यायची ती माझ्या हातच्या पुस्तकांसाठी, आणि त्यातही पिवळ्यासाठी. माझा पिवळा दुकानात मिळत नाही. उन्हात धरला की पान पेटल्यासारखं वाटायचं. हा रंग माझा नव्हता, माझ्या बाबांचा होता.

बाबा

बाबा चिखलीजवळच्या उंद्रीचे पेंटर. आम्हाला शेत नव्हतं, तरी घर कपाशीवरच चालायचं. कपाशीचं बीटी बियाणं नवं आलं ती वर्षं. बियाण्यांच्या कंपन्यांची नुसती चढाओढ लागलेली, गावात एक भिंत कोरी राहू देत नव्हते. एजंट जीपमधून यायचा, भिंत दाखवायचा आणि बाबा शिडी लावायचे. पिवळी जमीन, तिच्यावर भोपळ्याएवढं पांढरं बोंड, खाली लाल अक्षरं. एकदा त्यांनी कोपऱ्यात डोक्यावर बोचकं घेऊन पळणारी बोंडअळी काढली. एजंट चिडला, "हे काय बे, कंपनीनं सांगितलं होतं का?" पण माणसं थांबून थांबून तीच बघायला लागली, तेव्हा तोच म्हणाला, "पुढच्या गावातही काढ." माझी अळीची राणी तिथून आलेली आहे.

डब्यातला तयार रंग बाबांना पटायचा नाही. सफेदा, शेंदूर आणि तो पिवळा, अशा भुकट्या पत्र्याच्या डब्यांत असायच्या. जवसाच्या तेलात स्वतः घोटायचे. मला मांडीवर बसवून पातळ ब्रश कसा धरायचा ते शिकवलं आणि टोक कसं काढायचं तेही. ब्रश ओठांत धरायचा आणि हलकेच फिरवून बाहेर ओढायचा. "पाणी फसवते माय," म्हणायचे, "ओठ फसवत नाई." त्यांच्या गुरूनंही त्यांना असंच शिकवलं होतं. आमच्याकडचे सगळे पेंटर असंच टोक काढायचे, आणि ज्याला असं काढता येत नाही तो कच्चा समजला जायचा.

ते कसे गेले

मी शाळेत होते. शेवटचं वर्षभर बाबांचं पोट दुखायचं. चिडचिडे झाले होते, जेवायचे नाहीत, कामं अर्धवट सोडायचे. हातातून ब्रश पडायचा. आईला वाटायचं, एजंट लोकांच्या नादी लागून प्यायला लागलेत. त्यावरून घरात रोज कटकट.

मग एक दिवस त्यांना उलट्या झाल्या, झटके आले, तोंडाला फेस आला. बाजेखाली फवारणीच्या औषधाची बाटली आडवी पडलेली, बूच उघडं. त्या बाटलीत बाबा रंग पातळ करायचं टर्पेंटाइन ठेवायचे. आमच्या गावात त्या रिकाम्या बाटल्या कोणाकडं नव्हत्या? कोणी रॉकेल ठेवायचं, कोणी संडासला न्यायचं. पण त्या वर्षांत आसपासच्या गावांतून रोज कोणीतरी शेतकरी औषध प्यायल्याचं ऐकू यायचं, आणि बाज, बाटली, फेस एवढं दिसलं की पुढचं कोणी विचारत नव्हतं. दवाखान्यातही तसले पेशंट रांगेनं येत होते, त्यांनाही काय दोष देऊ.

मला आत्याकडं पाठवलं होतं. नंतर कळलं की बाबा शुद्धीवर आले होते, आणि सगळ्यांना एकच सांगत होते, "मी काही पेलो नाई." दुसऱ्या दिवशी गेले.

एक पुढारी भेटायला आले होते. त्यांनी सरकारी मदतीसाठी आईला सातबारा मागितला. आई म्हणाली, "शेत नाई आम्हाले." "मग त्यानं कशाला..." एवढं बोलून ते चहा न घेता उठले.

आईनं बाबांचा फोटो भिंतीवर लावला नाही. पेटीत लुगड्यांखाली ठेवून दिला. कोणी विषय काढलाच तर म्हणायची, "मराले टाइम होता त्याले, सांगाले नव्हता." मीही तेच धरून वाढले. शाळेत कोणी विचारलं तर हार्ट अटॅक सांगायचे. राग होता माझ्या मनात, फार राग होता. तरी लग्न होऊन चिखलीला आले तेव्हा रंगांचे डबे घेऊन आले. आई म्हणाली, "भंगारात दे ते." नाही दिले. त्यांच्याकडून माझ्याजवळ तेवढंच होतं. भुकटीत डिंकाचं पाणी घालायचे, ब्रश बुडवायचे आणि ओठांनी टोक काढायचे.

दुखणं

माझंही आधी पोटच दुखायला लागलं. ॲसिडिटी म्हणाले, जंत म्हणाले, एकानं गॅसवर सहा प्रकारच्या गोळ्या दिल्या. शेजारच्या काकूंनी कमरेला काळा दोरा बांधला, म्हटलं बांधा, तेवढाच राहिलाय. चेहरा पांढराफटक पडला. दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा राहिलं नाही. त्याबद्दल पुढं डॉक्टर जे बोलल्या ते मी इथं लिहिणार नाही. जमत नाही मला.

अळीच्या राणीचं नवं पुस्तक चालू होतं. तिच्या मुकुटात पिवळा भरत होते आणि ब्रशचं टोक आपोआप खाली गेलं. मनगट वर येईना. बांगड्या भरायला पुढं केलेला हात कासार सोडून देतो तेव्हा कसा लोंबतो, तसा लोंबत होता. मी डाव्या हातानं उचलून वर ठेवला, तो परत पडला. मला हसायलाच आलं आधी. मग मिलिंदला हाक मारली ती ओरडूनच.

त्याच आठवड्यात पोटात अशी कळ आली की मी फरशीवर लोळले. उलट्या थांबेनात. मिलिंदनं गाडी करून बुलढाण्याला नेलं. आईला फोन गेला, ती उंद्रीहून मिळेल त्या गाडीनं आली. वॉर्डात शिरली, माझ्याजवळ आली आणि माझा जबडाच धरला तिनं.

"काय पेलं तू? खरं सांग मले. काय पेलं वं?"

"मी काही पेलं नाही आई."

तिचा हात गळून पडला. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. तिला वाटलं, मीही तेच केलंय आणि मीही तेच खोटं बोलतेय. मिलिंदला कोपऱ्यात नेऊन विचारत होती, "भांडण झालतं का तुमचं?" पडल्या पडल्या मला ऐकू येत होतं आणि मला तिचा भयंकर संताप आला.

मला तोंडानं काही द्यायचं नाही असं सांगितलेलं. मी पाणी मागितलं. आणि माझी आई, जिनं आयुष्यात अंगणवाडीच्या मॅडमपुढंसुद्धा आवाज चढवला नाही, ती नर्सशी भांडायला उठली. "घोटभर पाणी द्या तिले! मांगून राह्यली ना ती!" नर्सनं समजावलं, मिलिंदनं समजावलं. शेवटी तिनं कापसाचा बोळा पाण्यात बुडवून माझे ओठ ओले केले आणि बोळा सुकला की पुन्हा बुडवत राहिली. एवढं काय पाण्याचं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पेन

तिथून औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं एक डॉक्टरबाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा लहानच. काय पिलं, काय खाल्लं, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "काम काय करता?"

"चित्रं काढते."

"कशी काढता, दाखवा." त्यांनी खिशातलं पेन दिलं.

उजवा हात तर मेलेला. मी डाव्या हातानं पेन घेतलं आणि काही कळायच्या आत ते ओठांत धरून फिरवलं. पेनाला कुठं टोक काढायचं असतं! माझी मलाच लाज वाटली. पण डॉक्टर पुढं वाकल्या. "थांबा. हे काय केलंत? परत करा."

मग त्यांनी माझा खालचा ओठ बोटानं ओढून हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेनं बारीक निळसर-काळी रेघ होती. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, तेही वाकले. माझ्या हिरड्या बघायला एवढी गर्दी, मला वाटलं तिकीट लावावं. मिलिंदला चिखलीहून रंगांचे डबे आणायला पिटाळलं. रक्त गेलं तपासायला.

शिसं. सफेद्यात, शेंदरात आणि बाबांच्या त्या पिवळ्यात. वर्षानुवर्षं मी ते टोकाटोकानं पोटात घेत होते.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर बाकड्यावर माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, हळूहळू निघेल अंगातून, औषध आहे, हातही येईल. मग सहज विचारलं, "असं टोक काढायला कोणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"ते कसे आहेत?"

"वारले."

"कशानं?"

इतकी वर्षं हार्ट अटॅक म्हणत आले होते. त्या दिवशी तेही म्हणवेना. मी त्यांना पोट सांगितलं, चिडचिड सांगितली, हातातून पडणारा ब्रश सांगितला, झटके सांगितले. बाबांच्या हिरड्या काळ्या पडल्या होत्या आणि आई तंबाखूवरून शिव्या घालायची, हेही आठवलं. बाबा तंबाखू खात नव्हते. बोलता बोलता मी थांबले, कारण मला माझंच बोलणं ऐकू आलं.

डॉक्टर म्हणाल्या, "आता खात्रीनं कोणीच सांगू शकणार नाही. पण मला तरी हे विष प्यायल्यासारखं वाटत नाही."

मी रडले. हातासाठी रडले नव्हते तेवढी रडले. समोरच्या खाटेवरची जालन्याची मावशी, तिच्या स्वतःच्या नाकात नळी, ती उठून आली आणि माझी पाठ चोळत बसली. काय झालं हे तिनं विचारलंसुद्धा नाही.

वॉर्ड

दवाखान्यात दिवसाला आकार नसतो. सुई, डबा, झाडू, राउंड, परत सुई. मनगटाला पट्टा बांधलेला. व्यायामाच्या ताई यायच्या आणि टेबलावर हात ठेवून म्हणायच्या, "उचला." मी सगळा जीव मनगटात आणायचे आणि ते ढिम्म हलायचं नाही. बोटं भाताच्या पेजेसारखी. भीती एकच होती, की हात असाच राहिला तर मी कोण? राक्षस डोक्यात तर येतच होते. ते येऊन उभे राहायचे आणि त्यांना कागदावर उतरवायला कोणी नव्हतं.

मिलिंदशी भांडणं झाली. दुकान बंद, तो वैतागलेला, मी त्याच्याहून वैतागलेली. एकदा तो म्हणाला, "ते डबे भंगारात दिले असते तर?" मी त्याच्याशी बोलणंच सोडलं. संध्याकाळी तो वरण-भात घेऊन आला, गुपचूप कालवला आणि मला भरवायला लागला. चमचा माझ्या नाकाला लागला. दोघंही हसलो, मग दोघंही रडलो.

पुस्तकांचं दुःख वेगळंच. माझ्या हातानं रंगवलेली पुस्तकं पोरांच्या घरात होती आणि पोरं पुस्तकं चाटतात, कुरतडतात. मिलिंदनं शाळाशाळांत जाऊन, ओळखीपाळखीत फोन करून ती परत मागितली. कोणी दिली, कोणी म्हणालं सापडत नाही. एका पोरीनं द्यायला नकार दिला आणि रडून गोंधळ घातला, तेव्हा तिला त्याच पुस्तकाची छापील रंगाची नवी प्रत कबूल करावी लागली. परत आलेली सगळी गठ्ठ्यांनी प्लास्टिकमध्ये बांधून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे विल्हेवाट लावायला दिली. डबेही गेले. तुमच्याकडं माझं शिवलेलं, हातानं रंगवलेलं पुस्तक असेल तर कृपा करून पोरांच्या हाती देऊ नका, मला कळवा.

सांगायचं की नाही

घरी आले. मनगट पट्ट्यातून थोडंसं, अगदी नखाएवढं वर यायला लागलं होतं. आईला एवढंच माहीत होतं की रंगातून विषबाधा झाली. बाबांचं मी काही बोलले नव्हते.

मिलिंद म्हणायचा, "सांगू नको. एवढ्या वर्षांनी तिच्या जिवाला कशाला घोर?" त्याचं चुकत नव्हतं. तिनं तो राग उराशी धरून मला वाढवलं होतं. राग काढून घेतला तर तिच्याजवळ काय उरणार होतं? पण पेटीत लुगड्यांखाली पडलेले बाबा मला दिसायचे. एवढी वर्षं खोटारडे ठरून पडलेले. त्यांच्या बाजूनं बोलेल असं जगात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि तेही पोटभर विष खाल्ल्यावर मला कळलं.

वीस दिवस इकडं-तिकडं करत होते म्हणा ना. शेवटी विषय आईनंच काढला. ती उंद्रीहून माझ्याकडं राहायला आली होती. सकाळी माझा पट्टा सोडून हाताला तेल लावत होती. पट्टा सुटला की हात लोंबायचा. ती त्याच्याकडं बघत राहिली.

"असाच व्हायचा त्याचा हात," ती म्हणाली. "शेवटी शेवटी. मले वाटे, पिऊन आला."

मग मी सांगितलं. पिवळा, शेंदूर, हिरड्यांची रेघ, डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं. खात्री नाही, हेही सांगितलं. ती तेल चोळत राहिली. चोळून झालं तरी चोळतच राहिली.

"मंग बाटली?"

"टर्पेंटाइनची होती आई. तुला माहीत होतं की."

"हाव," ती म्हणाली. "मले माहीत होतं." मग म्हणाली, "पण सारे म्हणून राह्यले होते ना. सारेच म्हणून राह्यले होते."

तिनं माझा हात खाली ठेवला.

"पाणी मांगलं होतं त्यायनं मले. दवाखान्यात. डॉक्टर नको म्हणे, पण डॉक्टरच्या म्हणण्यापायी नाई थांबले मी. मी रागात होते. मी म्हटलं, जे पेलं तेवढ्यानं भागलं नाई का तुमचं? मंग ते बोललेच नाई. भिंतीकडं तोंड केलं त्यायनं."

मी तिला जवळ घेतलं, तर एक हात धडपणे तिच्या पाठीवर गेला आणि दुसरा नुसता लोंबत राहिला. ती रडली नाही. मला वाटलं, मिलिंदचंच खरं होतं, मी सांगायला नको होतं. अजूनही कधी कधी वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती उंद्रीला गेली. म्हणाली, जरा काम आहे. आम्हाला राहवेना, तेव्हा दुपारी मिलिंदच्या मोटरसायकलवर आम्हीही मागोमाग गेलो. दार उघडंच होतं. समोरच्या भिंतीवर बाबा लावलेले. तरुण, केसांना तेल, शर्टाच्या खिशाला रंगाचा डाग. पेटीतल्या घडीनं फोटोवर मधोमध रेघ पडली होती. खाली स्टुलावर मेणबत्ती आणि फुलं होती. आई माठाजवळ उभी राहून ग्लास भरत होती, काठोकाठ.

ती आमच्याकडं वळलीसुद्धा नाही. सांडू नये म्हणून सावकाश चालत आली, ग्लास फोटोपुढं ठेवला आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

"प्या," ती म्हणाली. "आता कोणी नाई म्हणत नाई तुम्हाले."